दुसरी पसंती द्यावी की देऊ नये? मतं मोजायच्या पद्धतींवर चर्चा

पडद्यामागचा

आमचा हौशी नाट्यगट आहे, ३१ सभासद. वर्षाला एक नाटक बसवतो आणि कुठलं बसवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो. यंदा तीन संहिता होत्या: एक ऐतिहासिक, एक फार्स आणि एक कौटुंबिक विनोदी. चिठ्ठ्या उघडल्या तर ऐतिहासिक १२, फार्स १०, कौटुंबिक ९. झालं, ऐतिहासिक!

आता मला सांगा, ३१ पैकी १९ जणांना हलकंफुलकं काहीतरी हवं होतं आणि आम्ही तलवारी भाड्याने आणणार. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात ते हेच. मी म्हटलं, चिठ्ठीवर एकच नाव लिहिण्याऐवजी १, २, ३ असे पसंतीक्रम लिहू या आणि पुन्हा मतदान घेऊ. यावर निम्मे म्हणाले "कशाला डोक्याला ताप", आणि उरलेले माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

देशोदेशीच्या निवडणुकांत हे चालतं एवढं ठाऊक आहे. खरंच फायदा होतो का? तोटे काय? जाणकारांनी आणि अजाणकारांनीही लिहावं. पुढच्या बैठकीआधी मला मुद्दे हवेत.

शेंडेफळ

पहिला! माझा प्रतिसाद पहिल्या पसंतीचा म्हणून नोंदवून घ्यावा.

अर्धविराम

चांगला विषय. आधी पद्धत सांगतो, म्हणजे पुढचे वाद सोपे जातील.

प्रत्येक मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे. आधी फक्त १ मोजायचे. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाले तर खेळ खलास. नाही मिळाले तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटायच्या. निम्म्याची रेघ कुणी ओलांडेपर्यंत हेच चालू. एकच जागा असेल तर ही अशी. अनेक जागा असतील तर कोटा (निवडून यायला लागणारी ठरावीक मतं) येतो, विजेत्याची जादा मतंही पुढे जातात, ते प्रकरण वेगळं.

पडद्यामागचा, तुमच्या नाटकासारखंच १९१८ साली ऑस्ट्रेलियात घडलं होतं. स्वान मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाच्या विरोधातली मतं दोन उमेदवारांत फुटली आणि बहुमत नसताना मजूर पक्षाचा तरुण उमेदवार निवडून आला. सत्ताधाऱ्यांनी त्याच वर्षी कायदा बदलून पसंतीक्रम आणला. तेव्हा लोकशाहीच्या प्रेमापोटी आणला असं कुणी समजू नये, आपली फुटलेली मतं शिवून घ्यायला आणला. पण टिकला, शंभरावर वर्षं झाली.

दुसरं उदाहरण आयर्लंडच्या १९९० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचं. पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहन ४४ टक्के, मेरी रॉबिन्सन ३९ टक्क्यांच्या आतबाहेर, ऑस्टिन करी १७. करी बाद झाले, त्यांची बहुतेक मतं रॉबिन्सनबाईंकडे गेली आणि त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. आपल्या नेहमीच्या पद्धतीत लेनिहन निवडून आले असते आणि ५६ टक्के लोक हळहळत बसले असते.

सातबारा

ही सगळी हरलेल्यांची करमणूक आहे, माफ करा. ज्याला जास्त मतं तो जिंकला. हे शाळेतल्या पोराला कळतं, निरक्षर माणसालाही कळतं. जो दुसरा आला तो वाटपानंतर पहिला कसा झाला, हे समजावायला तुम्हाला तक्ता काढावा लागतो. ज्या निकालाला तक्ता लागतो त्यावर लोकांचा विश्वास कसा बसणार?

दुसरं म्हणजे साधी पद्धत केंद्राकेंद्रावर मोजता येते आणि बेरीज करता येते. इथे तसं होत नाही. कोण बाद झाला हे सगळीकडची मतं एकत्र आल्याशिवाय कळत नाही. म्हणजे मोजणी एकाच जागी किंवा मग संगणकावर. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक अशी झाली, तेव्हा चाचणीसाठीच्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका खऱ्या मोजणीत मिसळल्या आणि जाहीर केलेले आकडे मागे घ्यावे लागले. २०२२ मध्ये ओकलंडला शाळा मंडळाच्या एका जागेवर तर चक्क चुकीचा उमेदवार विजयी म्हणून प्रमाणित झाला. कारण काय, तर ज्यांनी पहिला रकाना कोरा ठेवून दुसऱ्यात नाव भरलं होतं त्यांची मतं कशी धरायची याचं सेटिंग चुकलं होतं. सेटिंग!

चष्मिष्ट

@सातबारा, मिसळलेल्या मतपत्रिका हा दोष पद्धतीचा नाही, मिसळणाऱ्याचा. पण सेटिंगचा मुद्दा मान्य. मला स्वतःला ते वाचून घाम फुटला होता.

एक खरी शंका. दुसरी पसंती दिली तर आपल्या पहिल्या उमेदवाराचं नुकसान होतं ना? आमच्याकडे पदवीधर मतदारसंघाच्या वेळी सगळे प्रचारक हेच सांगतात: "फक्त एक नंबर टाका, बाकी काही लिहू नका."

कोनाडा

अगदी माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून पहिल्यांदाच लिहिते आहे. पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला मी टेबलावर होते. कुठला मतदारसंघ, कुठलं साल, ते सांगत नाही.

आधी सगळ्या पेट्यांमधली मतं एकत्र करून ढवळतात, मग गठ्ठे बांधतात. माझ्यासमोर लाकडी खणांची मांडणी होती, एकेका उमेदवाराला एकेक खण. मतपत्रिका उचलायची, १ कुठे आहे बघायचं, त्या खणात टाकायची. शंका आली तर बाजूला. शंकेच्या ढिगात काय काय होतं म्हणून सांगू! मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनाऐवजी खिशातलं निळं पेन. आकड्याऐवजी बरोबरची खूण. आकडा लिहायचा तर अक्षरात "एक". दोघांपुढे १. एकाने तर सगळ्यांपुढे १ लिहिलं होतं, बहुधा कुणाला दुखवायचं नव्हतं. ही सगळी मतं अवैध, आणि मतदार सगळे पदवीधर.

मोजणी सकाळी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. पहाटे चारच्या सुमाराला बाद उमेदवारांचे गठ्ठे सोडायला लागलो. एका अपक्षाचा गठ्ठा माझ्याकडे आला. पहिली पत्रिका: १ लिहिलेलं, पुढे कोरं. दुसरी: कोरं. तिसरी: कोरं. दहाबारा पत्रिकांनंतर एकीवर २ दिसला तर शेजारच्या टेबलावरचे सरसुद्धा वाकून बघायला लागले. तो सगळा कोरा गठ्ठा "संपलेली मतं" म्हणून कडेला ठेवला. त्यातल्या कुणालाच शेवटच्या दोघांत कोण हवं हे सांगायची संधी उरली नव्हती.

@चष्मिष्ट, तुमच्या शंकेचं उत्तर: नाही होत. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत तुमचा २ कुणी बघतसुद्धा नाही. तो बाद झाला की मगच पान पुढे सरकतं. अनेक जागांच्या निवडणुकीत तो निवडून येऊन त्याची जादा मतं उरली तर तेव्हा बघतात, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. प्रचारक "फक्त एक" का सांगतात? कारण मतदाराने दुसऱ्याचा विचारही करू नये असं त्यांना वाटतं. शिवाय समजावून सांगायला सोपं.

चष्मिष्ट

म्हणजे गेली दोन वेळा मी उगाच "एकनिष्ठ" राहिलो. धन्यवाद ताई.

शेंडेफळ

दुसरी पसंती म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ. मग वीट कुठली ते लिहून ठेवायला काय जातं?

माझा प्रश्न: नोटाला पहिली पसंती दिली तर दुसरी कुणाला द्यायची?

अर्धविराम

@शेंडेफळ, थट्टेत बरोबर जागी बोट ठेवलंत. राज्यसभेच्या निवडणुकीत नोटा ठेवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काढायला लावला. पसंतीक्रमाच्या आणि मतमूल्याच्या (एकेका मताला दिलेल्या वजनाच्या) गणितात "कुणीच नको" बसतच नाही.

गणिती_गोंधळ

उशिरा आलो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं रागवून जातो.

कोनाडाताईंचं बरोबर आहे: या पद्धतीत खालची पसंती वरच्या पसंतीला धक्का लावत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. १०० मतदार घ्या. डावा ४०, उजवा ३५, मधला २५. डाव्यांची दुसरी पसंती मधला, उजव्यांचीही दुसरी पसंती मधला. पहिल्या फेरीत बाद कोण? मधला! आता समोरासमोर लढवून बघा. मधला विरुद्ध डावा: ६० विरुद्ध ४०. मधला विरुद्ध उजवा: ६५ विरुद्ध ३५. दोघांनाही लोळवणारा पैलवान पहिल्याच फेरीत घरी, कारण तो फार जणांचा लाडका नव्हता, सगळ्यांना चालणारा होता.

ही कागदावरची भीती नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला २००९ मध्ये महापौर निवडताना हेच झालं. पहिल्या पसंतीत रिपब्लिकन राइट २९५१, प्रोग्रेसिव्ह किस २५८५, डेमोक्रॅट माँट्रोल २०६३. माँट्रोल बाद, शेवटी किस विजयी. मतपत्रिका नंतर तपासल्या तर माँट्रोल या दोघांनाही समोरासमोर हरवत होते. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ती पद्धत मतदानाने रद्द केली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अलास्कात अमेरिकी संसदेच्या पोटनिवडणुकीतही तसंच: बेगिच बाद झाले, पेल्टोला यांनी पेलिनना हरवलं, आणि बेगिच मात्र दोघींना समोरासमोर भारी होते.

याहून विचित्र गोष्ट ऐका. अ ३९, ब ३५, क २६. ब वाल्यांची दुसरी पसंती क, क वाल्यांची दुसरी पसंती अ. क बाद, अ ६५ मतांनी विजयी. आता समजा शेवटच्या दिवशी अ ने जोरदार भाषण ठोकलं आणि ब चे १० समर्थक आपल्याकडे ओढले. अ ४९, ब २५, क २६. आता बाद ब, त्याची २५ क कडे, क ५१. अ हरला! भाषण पडलं असतं तर जिंकला असता.

शेंडेफळ

म्हणजे आमच्या नेत्याच्या प्रत्येक पराभवाला आता शास्त्रीय कारण मिळालं. भाषण फार चांगलं झालं.

सातबारा

@गणिती_गोंधळ, माझ्या बाजूने एवढं कुणी बोललं नव्हतं. पाठ थोपटतो.

गणिती_गोंधळ

@सातबारा, थांबा, तुमची पाळी यायची आहे. वरच्या पहिल्या उदाहरणात तुमच्या पद्धतीतही मधला तिसराच येतो. आणि ६० जणांना नको असलेला डावा थेट जिंकतो, हे वेगळंच. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि तिथे तिसऱ्या आलेल्या नेडरना ९७ हजारांवर मतं होती. तुम्ही त्याला "ज्याला जास्त तो जिंकला" म्हणा, मी "मतं खाल्ली" म्हणतो. मतं खायला उमेदवार उभे करायचा धंदा तुमच्याच पद्धतीवर जगतो.

आणि दोन फेऱ्यांची पद्धतही (पहिल्या दोघांत पुन्हा मतदान) यातून सुटत नाही. फ्रान्समध्ये २००२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत १६ उमेदवार होते. शिराक जेमतेम २० टक्के, ल पेन १६.८६, जोस्पॅं १६.१८. डाव्यांची मतं इतकी विखुरली की त्यांचे पंतप्रधान जोस्पॅंच दुसऱ्या फेरीत नाहीत. मग दुसऱ्या फेरीत शिराकना ८२ टक्के पडले, त्यातले निम्मे तरी नाक दाबून.

केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर पसंतीक्रमावर चालणारी आणि काही अगदी साध्या अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करणारी पद्धत असूच शकत नाही, एकाच माणसाचं ऐकायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा कुणाची पद्धत निर्दोष हा वाद सोडा. कुठला दोष कुठे परवडतो तेवढं बोलू.

दक्षिणगोल

अर्धविरामांनी ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं म्हणून लिहिते. मी इथली नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, इथे मत न दिल्यास दंड होतो.

पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा हिरव्या कागदावर आठ नावं होती. कनिष्ठ सभागृहासाठी आठही चौकोनांत आकडे घालावे लागतात, एक चौकोन सुटला किंवा आकडा दोनदा आला की मत बाद होऊ शकतं. १, २, ३ झटपट झालं. मग चौथा कोण? पाचवा? शेवटचा कोण हे मात्र पक्कं ठाऊक होतं, त्याला ८ लिहिताना जो आनंद झाला तो १ लिहितानासुद्धा झाला नव्हता. मधल्या चौघांत गोंधळ होऊन ५ दोनदा लिहिला गेला. बाईंकडे गेले, त्यांनी शांतपणे खराब कागद घेतला, नवा दिला. बाहेर प्रत्येक पक्षाचे लोक "असे आकडे घाला" म्हणून पत्रकं वाटत असतात. पुष्कळ लोक ते पत्रकच समोर धरून उतरवून काढतात. काही जण वरून खाली सरळ १, २, ३, ४ लिहून मोकळे होतात, त्याला इथे "गाढवाचं मत" म्हणतात. म्हणून कागदावरच्या नावांचा क्रम सोडत काढून ठरवतात.

सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, गंमत वेगळी. पूर्वी एका पक्षापुढे १ लिहिलं की पुढच्या पसंत्या त्या पक्षाने आधीच नोंदवलेल्या यादीप्रमाणे वाटल्या जायच्या. छोट्या पक्षांनी आपसांत सौदे केले आणि २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून एक जण अर्धा टक्का पहिल्या पसंतीवर सिनेटर झाला. ज्यांची मतं त्याला पोचली त्यातल्या किती जणांना त्याचं नाव माहीत होतं कुणास ठाऊक. २०१६ मध्ये ती सोय बंद केली. तेव्हा माझा अनुभव असा: पसंती मतदाराने स्वतः लिहिली तरच तिला अर्थ.

उंबरठा

अवांतर: ऑस्करचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक २००९ पासून असंच पसंतीक्रमाने ठरतं. त्यामुळे कुणाच्याच डोक्यात न गेलेला, सगळ्यांना बरा वाटलेला चित्रपट पुढे येतो असं म्हणतात.

गणिती_गोंधळ

@उंबरठा, पण आत्ताच आपण पाहिलं की बाद फेऱ्यांच्या पद्धतीत नुसता "सगळ्यांना बरा" असून भागत नाही, पहिल्या पसंतीचा थोडा तरी जीव लागतो. "सगळ्यांना बरा" ला खरा न्याय बोर्दाच्या पद्धतीत मिळतो: पहिल्याला जास्त गुण, दुसऱ्याला कमी, सगळे बेरजेत. अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस. पण तिथे चष्मिष्टांची भीती शंभर टक्के खरी ठरते. दुसऱ्याला दिलेले गुण पहिल्याच्या मुळावर येतात, म्हणून लोक तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकतात. बोर्दा स्वतः म्हणायचे म्हणे की माझी पद्धत फक्त प्रामाणिक माणसांसाठी आहे. त्यांचेच समकालीन काँदोर्से यांनी १७८५ मध्ये समोरासमोरच्या लढतींचा विचार मांडला आणि त्यातली अडचणही स्वतःच दाखवली: अ ब ला हरवतो, ब क ला, आणि क अ ला. कुस्तीचा आखाडा गोल असतो तो असा.

मुक्काम_पोस्ट

इतके प्रतिसाद झाले आणि १९६९ कुणीच काढलं नाही? राष्ट्रपतिपदाची निवडणूक, तीही पसंतीक्रमानेच होते. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. ही मतमूल्यं आहेत, माणसं नव्हेत. कोटा ४,१८,१६९. गिरींना तो पहिल्या पसंतीत गाठता आला नाही. मग खालच्यांच्या पसंत्या वाटल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. वजाबाकी करून बघा: वाटपात रेड्डींना ९१ हजारांवर मिळाली, गिरींना फक्त साडेअठरा हजार. तरी जिंकले गिरीच, कारण ते रेघेच्या अगदी जवळ होते. दुसऱ्या पसंतीने नेहमी निकाल उलटतो असं नाही, पण श्वास रोखायला लावते.

आणि उलटल्याचं उदाहरण हवं असेल तर २०२२ ची राज्यसभेची सहावी जागा. पहिल्या पसंतीची ३३ मतं असलेले संजय पवार हरले आणि २७ असलेले धनंजय महाडिक जिंकले. महाडिकांच्या पक्षाने आपल्या इतर दोन उमेदवारांना कोट्याहून जादा मतं देऊन ठेवली होती, ती दुसऱ्या पसंतीने खाली सरकली.

सातबारा

त्या रात्री काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुळात त्या आमदारांनी...

संपादक

धागा मतमोजणीच्या पद्धतींवर आहे. पक्षांवर घसरलेले चार प्रतिसाद काढले आहेत. गणितावर भांडा.

शेंडेफळ

चार प्रतिसाद बाद. त्यांच्या दुसऱ्या पसंत्या माझ्या नावावर वर्ग कराव्यात.

चष्मिष्ट

सोपं काहीतरी सांगा की. जे जे चालतील त्या सगळ्यांवर खूण करायची, ज्याच्यावर जास्त खुणा तो जिंकला. आकडे नाहीत, फेऱ्या नाहीत, केंद्रावर मोजता येतं, सातबारा काकाही खूश.

अर्धविराम

@चष्मिष्ट, आहे ती पद्धत. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराने २०१८ मध्ये मतदानाने स्वीकारली होती. २०२५ मध्ये राज्याने कायदा करून तीही आणि पसंतीक्रमही बंद केला. मला ती पटते, पण एक गोष्ट सलते. माझा जीव की प्राण असलेला उमेदवार आणि "ठीक आहे, चालेल" वाला, दोघांना माझं मत सारख्याच वजनाने जातं. मग "चालेल" वर खूण करताना हात अडखळतो.

सवयीचाही भाग असतो. आयर्लंडमध्ये १९५९ आणि १९६८ मध्ये दोनदा सरकारने पसंतीक्रम काढून साधी पद्धत आणायचा कौल मागितला, लोकांनी दोन्हीदा नाही म्हटलं. ब्रिटनमध्ये २०११ ला साधी काढून पसंतीक्रम आणायचा कौल मागितला, ६८ टक्के नाही. जे आहे तेच बरं.

सातबारा

आता गंभीरपणे. मी ज्याला घाबरतो ते कोनाडाताईंनी वर लिहिलंच आहे. श्रीलंकेत २०२४ ला राष्ट्राध्यक्ष निवडताना कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. दिसानायके ४२.३१ टक्के, प्रेमदास दुसरे. तिथे तीन पसंत्या देता येतात, म्हणून इतिहासात पहिल्यांदा दुसरी मोजणी झाली. बाद झालेल्या उमेदवारांची ३३ लाखांच्या आसपास मतं होती. त्यातली या दोघांकडे किती सरकली? सुमारे २ लाख ७३ हजार. बाकीच्या लोकांनी एक तर दुसरी पसंती लिहिलीच नव्हती किंवा शर्यतीत नसलेल्याला लिहिली होती. कायद्यात सोय अनेक दशकं आहे, पण लोकांच्या हाताला ती लागलेली नाही. मग "बहुमताने निवडला" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दक्षिणगोल

@सातबारा, म्हणूनच इथे सगळे चौकोन भरायची सक्ती आहे. पण सक्ती केली की सुमारे पाच टक्के मतं बाद होतात. इकडे आड तिकडे विहीर.

पडद्यामागचा

सगळ्यांचे आभार, आणि बातमी घेऊन आलो आहे. काल पुन्हा मतदान झालं. पद्धत आधीच लिहून भिंतीवर लावली होती: १, २, ३ लिहायचे, सगळ्यात खालचा बाद, मग वाटप.

पहिली पसंती हुबेहूब तीच. ऐतिहासिक १२, फार्स १०, कौटुंबिक ९. कौटुंबिक बाद. मी मनात म्हटलं, आता हे ९ फार्सला जाणार आणि तलवारी वाचल्या. एकेक चिठ्ठी उलगडली: पाच ऐतिहासिकला! फार्सला दोन. दोन कोऱ्या. ऐतिहासिक १७, फार्स १२.

"१९ जणांना हलकंफुलकं हवं होतं" हे जे मी धाग्याच्या सुरुवातीला ठोकून दिलं होतं ते माझ्याच मनातलं होतं. कौटुंबिकवाल्यांपैकी पाच जणांना फार्सपेक्षा तलवारी बऱ्या वाटत होत्या, मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

घरी येऊन गणिती_गोंधळ यांच्या पद्धतीने चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. फार्सच्या दहाही जणांची दुसरी पसंती कौटुंबिक. ऐतिहासिकच्या १२ पैकी ११ जणांची दुसरी पसंती कौटुंबिक. म्हणजे समोरासमोर कौटुंबिक विरुद्ध ऐतिहासिक १९-१२, कौटुंबिक विरुद्ध फार्स २०-११.

गणिती_गोंधळ

बर्लिंग्टन! अगदी तेच! बोर्दाने मोजा बरं: पहिल्याला २, दुसऱ्याला १.

पडद्यामागचा

मोजलं. कौटुंबिक ३९, ऐतिहासिक २९, फार्स २३.

सातबारा

पहिल्या दिवशी साध्या पद्धतीने जे लागलं होतं तेच लागलं. एवढा खटाटोप करून. मी काही बोलत नाही.

उंबरठा

मग आता कुठलं बसवताय?

पडद्यामागचा

ऐतिहासिक. सोमवारपासून तालीम. रात्री गटावर मी ते १९-१२ टाकल्यावर दोघातिघांनी "मग कौटुंबिकच करू" म्हणायला सुरुवात केली होती, पण नियम भिंतीवर आधी लावलेला होता. चिठ्ठ्या बघितल्यावर पद्धत बदलायची म्हणजे मग मीच निवडल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी समोरासमोरच्या लढतींनी मोजायचं असं मात्र आत्ताच ठरवलं आहे, संहिता कुठल्या येणार ते कुणालाच माहीत नसताना.

कोनाडा

त्या दोन कोऱ्या चिठ्ठ्यांचं कळलं का काही? सवय आहे, विचारल्याशिवाय राहवत नाही.

पडद्यामागचा

एकीचं माहीत नाही.

दुसरी माझी होती. तुमचा प्रतिसाद वाचला होता ताई, समजलाही होता, बैठकीत इतरांना समजावूनही सांगितला. कौटुंबिकपुढे १ लिहिला आणि २ लिहायला पेन टेकवलं, तर हात पुढे सरकेना.